वाळूवर नाव घेत नाहीत

३ नोव्हेंबर, रविवार

पोचले एकदाची सुनाबालीला! बालेश्वर स्टेशनापासून रिक्षात मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, पायांमध्ये ट्रायपॉड आणि शेजारी कोंबड्यांची टोपली घेतलेला म्हातारा, अशी माझी वरात आली. सुरूच्या बनातून बाहेर पडले आणि पाहते तर काय, समुद्रच नाही! नजर जाईल तिथवर नुसती ओली, सपाट, चकचकीत वाळू. रिक्षावाला माझं तोंड बघून हसायला लागला. म्हणाला, दीदी, समुद्र फिरायला गेलाय, जेवायच्या वेळेला येईल परत. आम्ही संबलपूरकडच्या बरगढची माणसं. आमच्याकडे पाणी म्हणजे कालवा, आणि तो काही असा उठून फिरायला जात नाही.

काम सोपं आहे. भुवनेश्वरच्या एका संस्थेला इथे किनाऱ्यालगत रस्ता, बाकं, दुकानं असलं काहीतरी बांधायचंय. त्याआधी माणसं हा किनारा वापरतात तरी कशी, ते त्यांना पाहायचंय. कार्तिकी पुनवेपर्यंत रोज ओहोटीच्या वेळी वादळ-निवाऱ्याच्या गच्चीवरून, एकाच जागेवरून, अख्ख्या किनाऱ्याचे फोटो काढायचे. माणसं दाण्याएवढी दिसली तरी चालतील, पण सगळी दिसली पाहिजेत, असं पट्टनायकबाबूंनी बजावलंय. हे आमचे साहेब. फोनवर कायम कुणाच्या तरी मागे वाघ लागल्यासारखे बोलतात.

राहायला कुंतळा बेहेराकडे आहे. माझ्याच वयाची, काळीसावळी, हसली की सगळं तोंड हसतं. नवरा केरळात प्लायवूडच्या कारखान्यात. घरात ती आणि सात वर्षांची रुनू, बस्स. रुनूला मी अजून पाहिलं नाही. आतल्या खोलीला बाहेरून कडी आहे. कांजिण्या आल्यात, वारं लागायला नको, असं कुंतळा म्हणाली. मग मला पखाळ, पाण्यात आंबवलेला भात वाढला, वर उडदाच्या सुक्या बडीचा चुरा, भाजलेलं वांगं. मी दोनदा मागून घेतलं, तर म्हणे, संबलपूरकडच्या बायका फोटोत बारीक दिसतात, पानावर नाही. पहिल्याच दिवशी टोमणा! मला ही बाई फार आवडली.

४ नोव्हेंबर, सोमवार

निवाऱ्याच्या गच्चीवरून सगळा किनारा दिसतो. खाली जाळीसाठी बांबू रोवलेले, त्यांच्यामधून बायका गुडघाभर चिखलात कोळंबीचं पिल्लू शोधत फिरतात. सैन्यात जायचं म्हणून पोरं पहाटेपासून धावतात, छातीवर नंबराचं कापड टाचलेलं. गाई तर अशा डुलत येतात जणू त्यांच्या बापजाद्यांनी विकत घेतलाय किनारा. एक मास्तर रोज खुर्ची घेऊन येतो, वाळूत मध्यभागी मांडतो आणि पेपर वाचतो. घरात बायको वाचू देत नाही म्हणे.

एक गोष्ट मात्र मजेशीर दिसली. एवढा उघडा किनारा, एवढी माणसं, पण कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. आई पोराला बोलावते ती टाळी वाजवून. जाळीवाले शीळ घालतात. धावणाऱ्या पोरांना नंबरानं बोलावतात. मास्तरची बायको तर थाळी बडवते! निवाऱ्याखाली नटवर अजांची चहाची टपरी आहे, त्यांना विचारलं. अजा म्हणजे गावाचं आजोबा खातं, तोंड बंद नसतंच. म्हणाले, नातुणी, हा समुद्र आहे ना, हा आंधळा आहे, पण कान भारी तिखट. वाळूवर कुणाचं नाव काढलं की ते धरून ठेवतो. मग ज्यानं काढलं त्याच्याच आवाजात हाका मारतो. मी विचारलं, आणि ओ दिली तर? तर ते म्हणाले, तर चहाचं एक गिऱ्हाईक कमी. आणि खो खो हसले.

अहवालात ही गोष्ट घालणार. पट्टनायकबाबूंना असलं काही सुचणार आहे का जन्मात?

६ नोव्हेंबर, बुधवार

आज माझ्या आयुष्यात एक माणूस वाढलं. लिहिताना हसू येतंय आणि डोळेही भरतायत.

संध्याकाळी कुंतळा न्हाऊन, नवी साडी नेसून आली. हातात पुरीहून आणलेल्या महाप्रसादाचे सुके दाणे. म्हणाली, तू माझी महाप्रसाद होशील का? मी बघतच राहिले. माझ्या आजीची अशी एक महाप्रसाद होती, पलीकडच्या गावची. दोघींची जात वेगळी, पण जगन्नाथाचा दाणा एकमेकींच्या तोंडात घातला, त्या दिवसापासून सख्ख्याहून सख्ख्या. ती बाई वारली तेव्हा आजीनं घरात सुतक पाळलं होतं. आता शहरात कोण करतं हे? तीन दिवसांची ओळख, आणि ही बाई मला घरची करायला निघाली. मी नाही म्हणणार होते थोडीच!

जगन्नाथाच्या तसबिरीसमोर बसलो. आपापलं नाव एकमेकींना शेवटचं सांगायचं, कारण त्यानंतर महाप्रसादाचं नाव तोंडात आणायचं नसतं. मी म्हटलं, तिलोत्तमा मेहेर. तिनं परत विचारलं, आईनं ठेवलेलं, पूर्ण? मी म्हटलं, हेच. तिनं ओठातल्या ओठात घोकलं. मग मी तिच्या तोंडात दाणा घातला, तिनं माझ्या. नंतर ती माझ्या गळ्यात पडून अशी रडली, अशी रडली की मलाच तिची समजूत घालावी लागली. म्हटलं, अगं लग्न नाही लागलं तुझं माझ्याशी!

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, कटककडच्या, किनाऱ्याच्या माणसांना एवढ्या लवकर जीव लावू नये. आईचं काही मनावर घ्यायचं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळची ओहोटी. आज किनाऱ्यानं मला एक भेटच दिली. मी शटर दाबत होते आणि एका क्षणी सगळा किनारा थबकला. धावणारी पोरं, बायका, जाळीवाले, मास्तर, सगळे जिथल्या तिथे. हललं कोणीच नाही, गाईंशिवाय. मला वाटलं काही प्रार्थना असेल. लांब, अगदी पाण्याच्या कडेला महाप्रसाद एकटी उभी होती, तिची लाल साडी इथूनही ओळखू आली. वरती वारा एवढा होता की काही ऐकू येत नव्हतं. पटापट काढून घेतले फोटो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

रुनू बाहेर आली! कडी उघडी, खोली उघडी, आणि पोर वाळूवर अशी उधळली की मला हसू आवरेना. पांढरीफटक पडलीय बिचारी, पण अंगावर कांजिण्यांचा एक डाग नाही. महाप्रसाद दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती, रडत होती, परत टाळ्या वाजवत होती. सगळं गाव बघायला आलं. घरोघरी छेनापोड, भाजलेल्या छेन्याचा गोड केक, वाटला. नटवर अजांनी माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, अजा, मी काय केलं? तर तोंड फिरवून भांडी घासायला लागले.

एक बाई तर येऊन माझ्या पाया पडली. मी तिच्याहून लहान. विचित्रच माणसं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज ओहोटी दुपारच्या जेवणाच्या थोडी आधी. घरी कपडे वाळत घालत होते. वाळूकडून महाप्रसादनं हाक मारली. तिलोत्तमा! लांबून, पण स्वच्छ. आधी रागच आला, म्हटलं, हिला नाव घ्यायचं नाही एवढंही लक्षात राहत नाही? चपला घालून चार पावलं गेलेसुद्धा. मग मागे वळले.

महाप्रसाद स्वयंपाकघरात विळीवर भोपळा चिरत बसली होती.

मी म्हटलं, तू आत्ता मला हाक मारलीस? तिनं मान वर केली नाही. म्हणाली, मी कशाला तुझं नाव घेईन. आणि बोट कापून घेतलं.

वाऱ्याचा भास असेल. इथे वारा कायम काहीतरी बोलतोच.

१० नोव्हेंबर, रविवार

घाबरले आहे. सरळ लिहून टाकते, म्हणजे बरं वाटेल.

गच्चीवर होते. खाली रविवारची गर्दी, खडगपूरकडची सहलीची माणसं. हाक आली. तिचाच आवाज, तीच लाडाची ओढ शेवटच्या अक्षरावर. मग पुढचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी वाळूत होते, खूप आत, पायाखाली पाणी. समोर एक जाडा बंगाली माणूस मोबाईल पुढे करून म्हणत होता, दीदी, आमचा सगळ्यांचा एक काढा ना. त्याचं बायको-पोरांसकट ध्यान बघून मी जागी झाले. त्यांचा फोटो काढला.

गच्चीवरून इथवर मी चालत आले होते. जाळीवाल्यांच्या मधून, धावणाऱ्या पोरांच्या मधून, मास्तरच्या खुर्चीला घासून. कुणी विचारलं नाही, बाई, कुठे निघालीस?

परत येताना सगळ्यांकडे पाहत आले. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

पंचुक, कार्तिकाचे शेवटचे पाच दिवस, सुरू झाले. गावात मासा बंद. विधवा बायका अंगणात रांगोळी घालून बसल्यात, व्रताचा एकवेळचा हबिसा भात शिजतोय. एवढं शांत, चांगलं गाव.

आज ओहोटीच्या वेळेला स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं. हाक आली. कानात कापूस घातला होता, तरी आली. कापसाच्या आतून आली. भरतीचं पाणी लागलं तेव्हा थांबली. दाराची कडी मी नखांनी ओरबाडली होती, मला कळलंही नाही.

नटवर अजांकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही म्हणाला होता ना, ज्यानं नाव काढलं त्याच्या आवाजात हाका मारतो? मग माझ्या महाप्रसादचा आवाज का? म्हाताऱ्यानं माझ्यापुढे चहा ठेवला. कपात नाही, द्रोणात, जसा फेकून द्यायच्या भांड्यात देतात तसा. म्हणाले, नातुणी, माझ्या कानाला हल्ली कमी ऐकू येतं. काल-परवापर्यंत हेच अजा कुजबूजसुद्धा ऐकायचे!

त्यांच्या कानात कापूस होता. मग टपरीवर नजर फिरवली. सगळ्यांच्याच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पट्टनायकबाबूंचा सकाळी फोन. मी काही बोलायच्या आधीच हसत सुटले. म्हणे, तिलोत्तमा, तुला माणसं किनारा वापरतात कशी ते टिपायला पाठवलं, तू त्यांना कवायत शिकवलीस की काय? गुरुवारच्या फोटोत सगळ्यांनी कानांवर हात ठेवलेत. भोंगा वाजवलास का?

फोन ठेवला. लॅपटॉप उघडला. गुरुवार, सात तारीख. मोठा केला फोटो. आणखी मोठा.

जाळीवाला, दोन्ही तळवे कानांवर. कोळंबीवाल्या बायका, चिखलाचे हात, तरी कानांवर. नंबरवाली पोरं ओळीनं, कानांवर. मास्तरनं पेपर काखेत धरलाय, खुर्चीत बसून कान झाकलेत. आयांनी लेकरांचे कान झाकलेत. अजा टपरीबाहेर उभे, डोळे मिटून, कान झाकून. आणि लांब, पाण्याच्या कडेला, लाल साडीत, समुद्राकडे तोंड करून ती. तिचे हात मात्र कानांवर नाहीत. तोंडाभोवती आहेत. हाक मारताना धरतात तसे.

आदल्या संध्याकाळी तिनं माझ्या तोंडात दाणा घातला होता.

तिच्यासमोर लॅपटॉप नेऊन आपटला. ओरडले, शिव्या दिल्या, ज्या मी कधी दिल्या नाहीत त्या. तिनं एकही नाकारली नाही. जमिनीवर बसून, रुनूला पोटाशी धरून सगळं सांगितलं. दसऱ्याच्या आसपास रुनू लाल खेकड्यामागे आत गेली, पाणी फिरलं, आणि हिच्या तोंडून पोरीचं नाव निसटलं. एवढं दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर पोर निदान दचकली तरी असती. पण समुद्र आईच्याच आवाजात हाका मारायला लागला. सात वर्षांची पोर आईच्या हाकेला जाणार नाही तर कुठे जाणार? मांत्रिक झाले, कालीमातेचा नवस झाला, जाजपूरला मावशीकडे नेऊन ठेवली, तिथून अनवाणी निघाली. एकच उपाय होता. त्या नावाच्या बदली दुसरं नाव द्यायचं.

मी विचारलं, मग माझंच का? मी उपरी. माझा तुमच्याशी संबंध काय?

ती म्हणाली, उपऱ्याचं नाव तो घेत नाही. घरच्या माणसाचंच लागतं. म्हणून तुला घरची केली.

आणि कान? कान का झाकले सगळ्यांनी?

ऐकलं तर अडवावं लागतं, म्हणाली. ज्यानं नाव ऐकलं त्यानं त्या माणसाला धरून मागे आणायचं, हा गावचा धर्म आहे. म्हणून कुणी ऐकलं नाही.

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. छेनापोड खाल्ला त्यांनी. पाया पडली ती बाई माझ्या!

माझ्या आजीनं तिच्या महाप्रसादचं सुतक पाळलं होतं. हिनं माझं आधीच पाळून ठेवलंय.

१३ नोव्हेंबर

पळाले. दुपारीच बॅग उचलली. कॅमेरा तिथेच राहिला, राहू दे. रिक्षावाला तोच. कानात कापूस. पैसे दुप्पट देते म्हटलं, हातानं खुणावून सांगितलं. बसवलं त्यानं.

अर्ध्या वाटेवर आठवडी हाट लागला. भाजीवाल्या, गर्दी, हॉर्न. ओहोटीची वेळ झाली असणार — मला इतकंच आठवतं की तिनं हाक मारली आणि मला वाटलं, चुकलं माझं, ती वाट बघतेय, तिला कुठे सोडून निघाले मी —

भानावर आले तेव्हा कमरेपर्यंत पाणी. भरती लागली होती, म्हणून आवाज थांबला होता. पायांची सालटी निघालेली. काठाला आले तर रिक्षा सुरूच्या बनात उभी. त्यानं बॅग उतरवून ठेवली होती, नीट, सावलीत. आणि निघून गेला.

आईला फोन लावला. नुसती रडले. ती म्हणाली, निघते मी आत्ता. पण बरगढहून इथे — परवा दुपारशिवाय पोचत नाही ती. पट्टनायकबाबू म्हणतात, पुनवेची सुट्टी आहे, गाडी सोळाला मिळेल, आणि नाटकं पुरे.

परवा दुपारपर्यंत टिकायचं. एवढंच.

१४ नोव्हेंबर

महाप्रसाद आली. मी निवाऱ्याच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते, दार उघडलं नाही. उंबऱ्यावर डोकं आपटत बसली. म्हणाली, माझ्याकडून पाप झालं, पण तुझ्या हातचा दाणा माझ्याही पोटात आहे, मला झोप लागत नाही. म्हणाली, पुनवेच्या पहाटेची ओहोटी ही शेवटची. त्यानंतर समुद्र नावं घेऊन मागे जातो, वर्षभर कुणाला हाक मारत नाही. तेवढी काढ. मी धरते तुला. मी ऐकलंय ना तुझं नाव, मीच काढलं. मग मला अडवायला काय झालं?

मी म्हटलं, तुझ्यावर विश्वास ठेवू? तुझ्यावर?

दाराच्या फटीतून पाहिलं. जाळ्याचा दोर घेऊन आली होती.

ठेवला विश्वास, उघडलं दार. दुसरं कोण होतं मला इथे? बाकीच्यांनी तर डोळेसुद्धा झाकून घेतलेत आता. तिनं मला गच्चीच्या लोखंडी कठड्याला बांधलं, कोळ्यांची गाठ, ओढली तर आणखी आवळते ती. ओहोटी लागली. हाक आली. मी काय काय केलं म्हणे — तिला चावले, लाथा मारल्या. तिनं सोडलं नाही. दोन्ही हातांनी कमरेला मिठी घालून बसली, भरतीचं पाणी दिसेपर्यंत. तिच्या दंडावर माझे दात उमटलेत. मी रडले. ती पण रडली. म्हटलं, महाप्रसाद, आई आली की तुला भेटवते. ती म्हणाली, हो.

उद्या पहाटे एकदाच. मग संपलं.

१५ नोव्हेंबर, पहाट

पुनव. अजून पुरतं उजाडलेलं नाही. चंद्र आहे, पानावर दिसतंय लिहिलेलं. कठड्याला बांधलंय तिनं, उजवा हात मोकळा ठेव म्हटलं, लिहीत राहते म्हणजे इकडे राहीन.

खाली सगळं गाव निघालंय. पुनवेला पाण्यात सोडायच्या केळीच्या सोपटांच्या होड्या, आत दिवे, विडे. एवढ्या लांब गेलाय समुद्र की दिवे चालतच आहेत, चालतच आहेत. सुंदर दिसतंय. कॅमेरा असता तर —

आली. हाक आली.

लिहीत राहा. लिहीत राहा. ती इथे माझ्या मागे आहे, तिचा श्वास मानेवर लागतोय. आणि ती तिकडेही आहे, पाण्यापाशी. किती मायेनं बोलावते —

नाही. लिही. आई निघाली आहे. बसमध्ये असेल. झारसुगुडा, नाही, कटक —

महाप्रसादला म्हटलं, बोलत राहा माझ्याशी. विचारलं, माझं नाव समुद्रानं नेलं नाही, तर मग हा रिकामाच जातो का गं मागे?

तिनं कपाळ माझ्या पाठीला टेकवलं.

परत विचारलं. हाक मोठी झाली आहे. ओरडून विचारलं, बदली दिलेलं नाव नाही लागलं, तर मग हा पहिलंच नाव नेणार, ते कुणाचं होतं —

रुनू.

ती रडते आहे. मानेवर थेंब पडले. तिचे हात कमरेशी, गाठीवर. म्हटलं, काय करतेस? म्हणाली, ढिली झालीय, घट्ट करते.

घट्ट करते म्हणाली.

पण कोळ्यांची गाठ ढिली होत ना— दोर सरकतोय — महाप्रसाद, अगं मी तुला घरची म्हण— छातीवरचा सुटला — तू घट्ट करते म्हणालीस ना, घट्ट कर, घट्ट क